डबा, दिवा आणि टोळाचे कान

टोळ आले की डबे बडवायचे. ही वऱ्हाडातली रीत मी कामरगावात आजीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. पुढे नोकरीत असताना कारंजा तालुक्यातल्या गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडूनही ती पुन्हा पुन्हा कानावर आली. मी वीज मंडळाचा लाइनमन. सारी हयात तारा, खांब, डीप्या आणि विहिरीवरचे स्टार्टर यांच्यात गेली. लोकांना वाटतं, या कामाचा किड्यामाकोड्यांशी काय संबंध? पण रात्री-बेरात्री फ्यूज टाकायला जाणारा माणूस जितके किडे पाहतो, तितके गावात दुसरं कोणी पाहत नाही. खांबावरच्या दिव्याची पाखरं, स्टार्टरमधल्या मुंग्या, पेटीतली गांधीलमाश्यांची घरं, उंच टॉवरला लटकलेली आग्या मोहोळं, हे सगळं आमच्याच वाट्याचं. निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली. किड्याला आवाज कसा कळतो, वीज कशी कळते, यावर जगभरात किती बारीक काम झालं आहे ते तेव्हा समजलं. आजीच्या डब्याचा इतिहास लिहून ठेवावा, असं त्यातूनच मनात आलं.

डबा ही काही फार जुनी वस्तू नाही. आमच्या भागात तो कापसाच्या मागोमाग आला. १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला असा पहिला बाजार तोच. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं, पण कारभार इंग्रजांच्या रेसिडेंटकडे होता आणि त्याच्याच हुकमाने तो बाजार उभा राहिला. १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाही झाला. आमच्या बाजूच्या गाड्या कापूस घेऊन कारंज्याला जायच्या आणि परतताना मीठ, कापड, गूळ, रॉकेल घेऊन यायच्या. रॉकेल आधी अमेरिकेचं, मग रशियाचं, मग ब्रह्मदेशाचं. पण ते यायचं एकाच मापाच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात. चार गॅलनचा, म्हणजे साधारण अठरा लिटरचा डबा, आणि एका लाकडी पेटीत दोन. रॉकेल जळून जायचं, डबा मात्र घरात राहायचा. त्यात पाणी भरलं, धान्य ठेवलं, कापून सपाट केला तर छपरावर किंवा दाराला ठोकला. आणि गळका झाला की तो जागलीला शेतात गेला.

डब्याच्या आधी हाकारे होते, गोफण होती, डफडं होतं, काशाची थाळी होती. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर बसून पाखरं राखायची, रात्री रानडुकरांवर नजर ठेवायची. घरातला एक माणूस त्या कामाला लागलेलाच असे. डबा आला आणि या सगळ्या आवाजांपेक्षा स्वस्त, कर्कश आणि लांब जाणारा आवाज हाती आला. दोन काड्या घ्या आणि वाजवा. दोरीला बांधून झाडाला टांगा, दुसरं टोक मचाणावर घ्या आणि झोपेतसुद्धा ओढा. पाखरं, डुकरं आणि टोळ या तिघांनाही तोच डबा.

टोळ म्हणजे रोजचा नाकतोडा नव्हे, हे आधी सांगायला हवं. हिंदुस्थानावर धाड घालणारे टोळ मुख्यत्वे दोन. एक वाळवंटी टोळ. तो राजस्थान, सिंध, इराण, अरबस्तान, आफ्रिका असा फिरतो. दुसऱ्याचं नाव मुंबई टोळ. हा आपल्या घरचाच म्हणायचा. तो उन्हाळा सह्याद्रीच्या जंगलात काढतो आणि पहिल्या पावसाबरोबर देशावर पसरून अंडी घालतो. १९०१ ते १९०८ या काळात या मुंबई टोळाने पश्चिम भारतात फार त्रास दिला. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय या सरकारी कीटकशास्त्रज्ञाने १९०३ आणि १९०४ मध्ये त्याचा पाठपुरावा केला आणि १९०६ साली त्यावर अहवाल छापला. वाळवंटी टोळाच्या धाडी मात्र लाटांसारख्या येत राहिल्या. १९२६ ते १९३१ च्या लाटेत देशाचं सुमारे १० कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा सरकारी अंदाज आहे. तेव्हाचे दहा कोटी! त्यानंतर १९३९ साली टोळांवर नजर ठेवणारी खास संघटना कराचीत उभी राहिली. फाळणीनंतर तिचं काम जोधपूरहून चालू लागलं. शेवटची मोठी लाट १९५९ ते १९६२ ची. म्हणजे माझ्या पिढीने टोळधाड पाहिली नाही, फक्त ऐकली.

आजी सांगायची तेव्हा तिचा हात आपोआप हलायचा, जणू काडी धरलेली आहे. कोतवालाची दवंडी, वर आभाळात तपकिरी धूळ उठल्यासारखं काहीतरी, मग सूप, थाळी, डबा, हाताला लागेल ते घेऊन बाया-माणसं, पोरंसोरं शेताकडे. बांधावर ओल्या कडब्याचा धूर. हातात लुगडी, फडकी. तिच्या सांगण्यातल्या दोन गोष्टी मला तेव्हा महत्त्वाच्या वाटल्या नाहीत, आज त्याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. पहिली गोष्ट वेळेची. ती म्हणायची, "दिवस बुडाच्या आंधी वाजवा रे बाप्पा. एकदा बसले का मंग थे कोनाचंच आयकत नाई." आणि दुसरी गोष्ट आवाजाची. ढोल आणायला कोणी धावलं तर जुनी माणसं म्हणायची, ढोल राहू दे, डबा घे.

आता टोळाचा कान पाहू. टोळाला कान आहेत, पण डोक्यावर नाहीत. पोटाच्या पहिल्या खंडावर, मागच्या उडीच्या पायाच्या मुळापाशी, दोन्ही बाजूंना एकेक पातळ पडदा असतो. पंख उचलून भिंगातून पाहिलं की तो काचेच्या पापुद्र्यासारखा चमकतो. त्या पडद्याच्या आतल्या बाजूला ऐकण्याचं इंद्रिय चिकटलेलं असतं. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. त्याने १८२६ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. २००५ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात लेसरने या पडद्याची थरथर मोजली गेली. आवाज पडला की पडदा नुसता आत-बाहेर होत नाही, त्याच्यावरून लाट धावते आणि ती लाट वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळ्या जागी पोचवते. बारीक आवाज एका जागी, जाड आवाज दुसऱ्या जागी. माणसाच्या कानात शंखाच्या आकाराच्या नळीत जे काम होतं, ते टोळ एका पापुद्र्यावर करतो.

आणि हा पापुद्रा कोणत्या आवाजाला जास्त तयार? सेकंदाला काही हजार कंपनांच्या आवाजाला. ढोलाचा घुमारा त्याच्या खूप खाली राहतो. तो जमिनीतून, झाडातून पायाला जाणवेल, पण कानाला फारसा लागत नाही. पत्र्याच्या डब्याचा खणखणाट मात्र नेमका त्या वरच्या पट्टीत मोडतो. काशाच्या थाळीचाही तसाच. ढोल राहू दे, डबा घे, हा जुन्या माणसांचा निवाडा अनुभवातूनच आला असणार. त्यांनी लेसर पाहिला नव्हता, पण कोणत्या आवाजाला टोळ उठतात हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

वेळेचं म्हणाल तर तीही गोष्ट तितकीच पक्की आहे. टोळाचं रक्त आपल्यासारखं गरम नसतं. ऊन चढून अंग तापल्याशिवाय तो उडू शकत नाही. सकाळी ऊन लागल्यावर दोनेक तासांनी थवा उठतो, दिवसभर वाऱ्याच्या दिशेने जातो आणि दिवस मावळायच्या सुमाराला झाडांवर, पिकांवर उतरतो. रात्री अंग गार पडलं की कानाशी बंदूक झाडली तरी तो हलणार नाही. म्हणून आजच्या फवारण्याही रात्री आणि पहाटेच करतात, तो जागचा हलत नसतो तेव्हा. गावाच्या हातात औषध नव्हतं, होता फक्त आवाज. त्यामुळे त्यांना नेमकी उलटी वेळ धरावी लागे, थवा अजून हवेत असताना किंवा नुकता टेकत असताना. लुगडी हलवणं आणि धूर करणं हेही त्यातलंच. टोळाचे डोळे अंगावर येणाऱ्या वस्तूला फार लवकर दाद देतात. कान आणि डोळे दोन्हींवर एकाच वेळी मारा, तोही दिवस बुडायच्या आत. हे डोळस तंत्र होतं असं माझं ठाम मत आहे. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी टोळाचा दिवस कसा जातो ते एकदा पाहावं.

याची एक बाजू कडू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. आवाजाने टोळ मरत नाहीत, हलतात. आपल्या शेतातून उठवले की ते पुढच्या गावात उतरतात. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात आणि एवढा थवा एका दिवसात ३५ हजार माणसांचं अन्न फस्त करतो. तेवढं संकट एका गावाने दुसऱ्यावर ढकलायचं. म्हणून डबे वाजवायचे तर शिवेवरच्या सगळ्या गावांनी एकाच वेळी वाजवायला हवेत. आमच्या आबाजींच्या बोलण्यात या कारणावरून दोन गावांत धरलेल्या अबोल्याचा उल्लेख यायचा. गावांची नावं ते घेत नसत, मीही विचारली नाहीत.

मे २०२० मध्ये टाळेबंदी असताना टोळ पुन्हा विदर्भात आले. राजस्थान, मध्य प्रदेश करत ते अमरावती जिल्ह्यात मोर्शी-वरूडकडे उतरले आणि तिथून वर्धा, नागपूरकडे सरकले. कामरगावपासून ते दूरच राहिले. पण दूरदर्शनवर मी पाहिलं, संत्र्याच्या बागांत माणसं डबे, थाळ्या, ढोल वाजवत होती. प्रशासनाचा सल्लाही तोच होता: आवाज करा, धूर करा, आणि रात्री झाडांवर बसलेल्या टोळांवर फवारणी करा. अग्निशमन दलाचे बंब औषध मारत होते. खरिपाची पेरणी व्हायची होती म्हणून मोठा घास वाचला. हीच धाड ऑगस्टमध्ये आली असती तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. दरम्यान किती तरी वर्षं गेली होती, रीत मात्र लोकांच्या हातात तशीच होती.

आता दिव्याकडे येतो. डबा ज्याने आणला त्या रॉकेलनेच घरात चिमणी आणि कंदील आणला. कंदिलाभोवती पाखरं यायची, पण थोडी. खरी उलथापालथ विजेने केली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झालं आणि पुढच्या दोन दशकांत खांब गावोगाव, मग शेताशेतात पोचले. मी नोकरीला लागलो तेव्हा अनेक गावांत नवा दिवा लावणं हे आमचं काम असे. संध्याकाळी बटण दाबलं की लोक टाळ्या वाजवायचे आणि तासाभरात दिव्याखाली पाखरांचा खच पडायचा. पहिल्या पावसानंतर तर बघायलाच नको. हुमणीचे भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर घोंगावत असायचे, ते सरळ दिव्यावर. सकाळी बाया खराट्याने लोटायच्या आणि कोंबड्यांची चंगळ व्हायची.

पाखरं दिव्याभोवती का फिरतात याचं उत्तर २०२४ साली वेगवान कॅमेऱ्यांनी दिलं. लाखो वर्षं रात्री जे उजळ होतं ते आभाळ. म्हणून पाखरू उडताना पाठ उजेडाकडे ठेवतं, त्याला वर-खाली त्यातूनच कळतं. दिवा बाजूला लागला की ते पाठ दिव्याकडे करतं आणि मग कलून कलून त्याच्याभोवतीच गिरक्या घेत राहतं. म्हणजे दिवा त्याला ओढत नाही, दिवा त्याची दिशा मोडतो. हे वाचून मला वाईट वाटलं. किती दिवे मी या हातांनी लावले.

या दिव्याखाली मी एक गोष्ट स्वतः करून पाहिलेली आहे आणि ती कोणालाही करता येईल. अनेक पतंगांना कान असतात आणि ते कान वटवाघळासाठीच आहेत. वटवाघूळ शिकार शोधताना माणसाला ऐकू न येणारा फार बारीक आवाज सोडतं. तो कानावर पडला की पतंग वाकडातिकडा उडतो किंवा पंख मिटून सरळ खाली पडतो. अमेरिकेतल्या केनेथ रोडर यांनी १९५० च्या दशकात या कानांचा कसून अभ्यास केला. एकेका कानात ऐकणाऱ्या पेशी दोन, फक्त दोन, आणि तेवढ्यावर जीव वाचतो. आमच्या कापसावरची हिरवी बोंडअळी ज्या पतंगाची, त्याच्या कुळातल्या पतंगांना हे कान असतात. चाव्यांचा जुडगा खुळखुळवला की त्यात माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजासोबत तो बारीक आवाजही निघतो. अंगणात कंदिलापाशी फिरणाऱ्या पाखरांजवळ मी डीपीच्या चाव्या हलवल्या, तर दोन-तीन पाखरं दगडासारखी खाली पडली, आणि क्षणभराने पुन्हा उडाली. रस्त्यावरच्या मर्क्युरीच्या दिव्याखाली तेच केलं तर पुष्कळशी पाखरं दादच देत नव्हती. पुढे वाचनात आलं की स्वीडनमधल्या संशोधकांना १९९८ साली हेच दिसलं होतं. मर्क्युरीच्या उजेडात पतंगाचा हा बचाव ढिला पडतो. म्हणजे आपला दिवा त्यांचे डोळे तर फसवतोच, कानही निकामी करतो. वटवाघळं खांबाभोवती का घिरट्या घालतात ते त्या दिवशी समजलं.

वटवाघळाचा आवाज यंत्रातून सोडून पीक राखायचा प्रयोगही झालेला आहे. १९६२ साली कॅनडात मक्याच्या शेतात असा आवाज वाजवला तेव्हा खोडकिडीचा प्रादुर्भाव निम्म्याच्या आसपास कमी झाला. आमच्या मचाणावरच्या डब्याचाच तो धाकटा भाऊ. पण तो प्रयोगाच्या पुढे फारसा गेला नाही. त्यानंतरचा काळ औषधांचा आला आणि वऱ्हाडच्या कापसाने त्याची काय किंमत मोजली, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

वीज आणि आवाज यांची गाठ डासाच्या बाबतीत तर फार लवकर पडली. डासाच्या मिशीच्या बुडाशी असलेलं ऐकण्याचं इंद्रिय १८५५ साली बाल्टिमोरच्या ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांनी दाखवलं. आणि १८७८ साली, पुढे मशीनगनमुळे प्रसिद्ध झालेले हायरम मॅक्सिम अमेरिकेत साराटोगा इथल्या एका मोठ्या हॉटेलात विजेचे दिवे बसवत होते. त्यांना दिसलं की एका दिव्याच्या यंत्राची पेटी गुणगुणते आहे आणि डास दिव्यावर नव्हे, त्या पेटीवर गोळा झाले आहेत. पाहिलं तर सगळे नर. पेटीचा सूर मादीच्या पंखांच्या सुराशी जुळत होता. मॅक्सिम यांनी हे १९०१ साली वर्तमानपत्रात पत्र लिहून कळवलं. मी ते वाचलं तेव्हा डीपीची घुंई कानात वाजू लागली. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते आणि प्रत्येक फेरीत ट्रान्सफॉर्मरमधला लोखंडी गाभा दोनदा किंचित ताणला जातो, म्हणून ती घुंई सेकंदाला १०० कंपनांची. आम्ही तिच्यावरून डीपीवर लोड किती आहे ते ओळखायचो. तीच घुंई झाडावरच्या, गवतातल्या कोणाकोणाला ऐकू येत असेल, हा विचार तेव्हा कधी केला नाही.

मुंग्यांनी मात्र विचार करायला भाग पाडलं. शेतकऱ्याचा निरोप यायचा, "वायरमन भाऊ, मोटार नुसती हूं करून राह्यली." जाऊन स्टार्टर उघडावा तर कॉन्टॅक्टच्या पॉइंटमध्ये मुंग्या भाजून चिकटलेल्या. एक नाही, थराच्या थर. एका फेजचा पॉइंट टेकत नाही, मग मोटार फिरत नाही, आणि वेळीच बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं. आम्ही पॉइंट पॉलिश पेपरने घासायचो आणि पेटीत डांबरगोळ्या टाकून द्यायचो. एक मुंगी भाजली तर बाकीच्या पळून जायला हव्यात, उलट त्या तिथेच का येतात, हे कोडं आम्हा सगळ्या वायरमनांचं होतं. अमेरिकेत दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लाल आगमुंग्यांनी हाच उच्छाद मांडला आहे आणि त्यांच्यावर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर मिळालं. शॉक बसलेली मुंगी धोक्याचा आणि बोलावण्याचा वास सोडते. तो वास घेऊन तिच्या बहिणी धावून येतात, त्यांनाही शॉक बसतो, त्याही वास सोडतात. मदतीला येणाऱ्या मदतीतच मरतात. आमच्याकडच्या मुंग्यांचा वेगळा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण थर पाहिलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

ही झाली माणसाने तयार केलेली वीज. किड्याची स्वतःची वीज वेगळी. उडताना हवेशी घासून मधमाशीच्या अंगावर धन भार साठतो. फूल देठातून जमिनीशी जोडलेलं असतं, म्हणून त्याच्यावर किंचित ऋण भार. मधमाशी जवळ गेली की पराग चक्क उडी मारून तिच्या केसांना चिकटतो. २०१३ साली ब्रिस्टलमध्येच डॅनियल रॉबर्ट यांच्या गटाने दाखवलं की बंबलबी ही गुबगुबीत माशी फुलाभोवतीचं हे विजेचं क्षेत्र ओळखू शकते, आणि ती बसून गेली की फुलाचा भार थोडा वेळ बदललेला राहतो. टोळाच्या पडद्यावरची लाट मोजणाऱ्यांतही हेच रॉबर्ट होते. ही बंबलबी आपल्याकडे हिमालयात मिळते, वऱ्हाडात नाही. आपल्याकडे तुरीच्या फुलांवर काळा भुंगा येतो आणि सातेरी, आग्या या मधमाश्या येतात. पण हवेच्या आणि भाराच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच. मोकळ्या हवेत, स्वच्छ दिवशी, जमिनीपासून वर दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचा फरक असतोच. आपण त्यात उभे असतो आणि आपल्याला कळत नाही. माशीला कळतं.

कळतं कशाने? केसांनी. २०१६ साली बंबलबीच्या बाबतीत हे सिद्ध झालं. अंगावरचे केस विजेच्या क्षेत्रात हलतात आणि मुळाशी असलेला मज्जातंतू ती हालचाल कळवतो. हेच केस वाऱ्याच्या झुळकेने आणि जवळच्या आवाजानेही हलतात. कोबीवरच्या अळीच्या केसांना गांधीलमाशीच्या पंखांचा आवाज समजतो, हे जर्मनीत १९७० च्या दशकातच माहीत झालं होतं. आवाज आला की अळी खाणं थांबवते किंवा खाली पडते. २०२४ मध्ये पुन्हा ब्रिस्टलमध्ये दिसलं की गांधीलमाशीच्या अंगावरचा विजेचा भारही अळ्यांना जाणवतो, आणि त्या अंग आक्रसून घेतात. टोळाची तर आणखी मोठी गोष्ट. एकटा फिरणारा टोळ थव्यातला टोळ कशाने होतो? १९२१ साली बोरिस उवारोव यांनी सांगितलं की हे दोन वेगळे किडे नाहीत, एकाच किड्याच्या दोन अवस्था आहेत. आणि २००१ साली कळलं की गर्दीत मागच्या पायाच्या केसांना सारखा धक्का लागत राहिला की काही तासांत एकटा टोळ थव्याचा होतो. सगळ्या टोळधाडीचं मूळ असं एका पायाच्या केसात आहे.

२०२२ साली मधमाश्यांच्या थव्याखाली विजेचं क्षेत्र मोजलं गेलं, तर ते दर मीटरला १०० ते १००० व्होल्टपर्यंत भरलं. टोळांच्या दाट थव्यात भाराची घनता वादळी ढगाइतकी होऊ शकते, असा त्याच अभ्यासात गणिताने काढलेला अंदाज आहे. आजीच्या काळी ज्यांनी आभाळात ती तपकिरी धूळ पाहिली, त्यांच्या डोक्यावरून खरोखर विजेने भारलेला ढग चालला होता.

अळ्यांवरच्या त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट आहे. घरातल्या विजेच्या ५० फेऱ्यांच्या आसपासच्या कंपनांनाही अळ्या दाद देतात. म्हणून आपल्या तारा आणि यंत्रं त्यांच्या जाणिवेत गोंगाट माजवत असतील, अशी शंका संशोधकांनी बोलून दाखवली आहे. ती अजून शंकाच आहे. पण कामरगावच्या शिवारात कपाशीवरून जाणारी अकरा हजारांची लाइन मी किती वेळा चालत तपासली आहे, आणि आता त्या लाइनखालच्या झाडांवर किडे आणि त्यांचे शत्रू बाजूच्या झाडांसारखेच वागतात का, हे कोणी तरी मोजावं असं फार वाटतं. अकोल्याला आपलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, कपाशीचं शेत आहे, लाइन आहे. हा अभ्यास ब्रिस्टलला नाही, इथेच व्हायला हवा.

जागल आता बहुतेक शेतांतून गेली. तिच्या जागी सोलरचं झटका मशीन आलं आणि रानडुकरांसाठी माणसाच्या ओरडण्याचा, कुत्र्याच्या भुंकण्याचा रेकॉर्ड वाजवणारे भोंगे आले. कामगंध सापळे आले, सोलरचे प्रकाश सापळे आले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरल्यापासून सापळ्यांचा आग्रह वाढला, आणि तो बरोबर आहे. ही गुलाबी अळी पहिल्यांदा शास्त्रात नोंदली गेली ती १८४३ साली, भडोचच्या कापसावरून. म्हणजे तिची आपली ओळख कारंज्याच्या बाजारापेक्षाही जुनी. मात्र प्रकाश सापळा लावण्याचा सल्ला संध्याकाळी सात ते दहा एवढ्याच वेळेचा असतो. पिकाचे पुष्कळसे शत्रू त्या तीन तासांत येतात आणि नंतर दिव्यावर येणाऱ्यांत मित्रकिडे जास्त मिळतात. आमच्याकडे बऱ्याच शेतांत तो रात्रभर जळतो. कोणी विचारलं तर मी सापळ्याच्या सर्किटमध्ये दहाला बंद होणारा टायमर बसवून देतो. काम अर्ध्या तासाचं आहे आणि टायमर कारंज्याला मिळतो.